बाहेरची कडी

सुताराच्या मुलीला आधी दार दिसतं, घर मागाहून. या खोलीत शिरताना बाकीच्यांनी छप्पर पाहिलं, भिंतीला चीर गेलीय का ते पाहिलं. बिजागरीने दार पाहिलं. एकफळी, पत्र्याने मढवलेलं, आतल्या बाजूला उघडणारं. आतून ना कडी, ना मूठ, ना बोटाने धरावा असा एखादा खिळा. कडी होती ती बाहेरून. आज तिसरा दिवस, आणि त्या कडीला तिने अजून हात लावला नव्हता.

बिजागरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटात होतं आणि हजेरीपट कॉलेजच्या इमारतीखाली. वडील दारं-खिडक्या करायचे आणि खाली बसताना हिचे गुडघे कुरकुरायचे, एवढ्या भांडवलावर वर्गाने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेवून टाकलं. तिला त्याचा राग नव्हता. आई रंधा मारलेल्या फळ्या पुसता पुसता म्हणायचीच,

दारा रे दारा, तुझी बिजागरी बोलते,
येणाऱ्या-जाणाऱ्याचा भार एकली तोलते.

भूकंपाला चाळीस दिवस झाले होते. ज्या कॉलेजात घरं बांधायला शिकवत, ते कॉलेजच आडवं झालं. वसतिगृह त्याच्या आधी. राहिलेल्या परीक्षेसाठी मुलांना दुसऱ्या गावच्या कॉलेजात हलवत होते, आणि ही शेवटची बस. बारा मुलंमुली, एक बाई, एक ड्रायव्हरकाका. पूर्वी यातली अर्धी माणसं एकमेकांकडे बघायची नाहीत. नळावरून भांडणं, जागेवरून भांडणं, कोणी कोणाची पट्टी ढापली यावरून तर महिना-महिना अबोला. आता एकाने सफरचंद काढलं की त्याच्या बारा फोडी व्हायच्या, आणि तेरावी बाईंसाठी, चौदावी काकांसाठी. कोणाला सांगावं लागत नव्हतं. मोठ्या हादऱ्याने भिंती पाडल्या त्यात या भिंतीही गेल्या, असं बाई म्हणायच्या, आणि म्हणून झाल्यावर डोळे पुसायच्या.

परवा दुपारी डोंगरातल्या रस्त्यावर पुन्हा जमीन थरथरली. धान्याचं पोतं तळातून फाटावं तसा समोरचा कडा सुटला. काकांनी बस मागे घेतली, वळण गाठलं, तर मागेही तेच. पुढे दरड, मागे दरड, मध्ये कसाबसा किलोमीटरभर रस्ता. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी.

"इकडे आड तिकडे विहीर ही म्हण आपण ऐकली होती," भोंगा म्हणाला. भोंगा म्हणजे ज्याच्या कुजबुजीनेही झोपलेलं माणूस उठायचं तो. "आता तिचा नकाशाही काढता येईल. उत्तर दिशा दाखवून."

हसले सगळे. हसण्यावाचून करण्यासारखं काही नव्हतंही.

बसवर वरून दगड येत राहिले. एकाने मागची काच फोडली. म्हणून ही खोली. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांचं सामान ठेवायची. घमेली, टिकाव, फावडी, डांबराची दोन पिंपं, आणि भिंतीवर खडूने कोणीतरी मांडलेला अर्धवट फुलीगोळ्याचा डाव. बसच्या डिकीत बिस्किटांचे खोके आणि पाण्याचे कॅन होते, तेवढं दैव बरं. काका पुढच्या दरडीच्या कडेला जाऊन पलीकडच्या मजुरांशी ओरडून बोलून आले होते. "मशीन आलंय. तीन-चार दिवस लागतील. दरडीवर कोणी चढू नका." तेव्हापासून दिवसभर लांबून घर्रर्र ऐकू यायची आणि अंधार पडला की थांबायची.

उशी दारातच बसून होती. खोलीत असलीच तर दारात. झोपली, म्हणजे डोळे मिटून पडली, तरी एक पाय उंबऱ्याबाहेर. हिला उशी का म्हणत, हे नव्या माणसाला सांगूनही पटलं नसतं. पूर्वी ही कुठेही झोपायची. वर्गात, जेवणाच्या रांगेत, एकदा तर चक्क शिडीला टेकून. भूकंपात खोलीत अडकली. अकरा तास. छत एका कोपऱ्यात तिरकं अडलं म्हणून जगली. तेव्हापासून मिटलेल्या दारामागे तिचा डोळा लागला नव्हता. छावणीतल्या तंबूतही पडदा बांधू द्यायची नाही.

आणि जो कोणी भेटेल त्याला बिजागरीकडे बोट दाखवून सांगायची, "हिच्यामुळे वाचले मी. ही माझी रूममेट. हिने माणसांना खोली दाखवली, नाहीतर त्यांनी दुसऱ्याच टोकाला खणायला घेतलं होतं."

हे खरं होतं. म्हणून तर ते बिजागरीला गिळवत नव्हतं.

खरं याच्या आधीचंही होतं. त्यांच्या खोलीच्या दाराची आतली कडी कधीच निखळली होती. बोळातून वारा आला की दार धाडकन आपटायचं. म्हणून जी आधी उठेल तिने पाण्याला जाताना दार ओढून बाहेरून कडी लावायची आणि परत येताना काढायची, अशी त्या मजल्यावरची रीतच पडली होती. सातही खोल्यांत. दहा मिनिटांचा तर प्रश्न. त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. बिजागरीच्या वडिलांच्या मात्र आलं होतं. मुलीला सोडायला आले तेव्हा दारावर हात फिरवून म्हणाले, "बाहेरची कडी सामानासाठी असते गं, माणसासाठी आतली." पुढच्या खेपेला कागदात बांधून नवी कडी आणि चार स्क्रू देऊन गेले. ती पुडी तिच्या ट्रंकेत दोन महिने पडून होती. सुताराची मुलगी, हातात कसब, घरात हत्यारं, पण रविवारी बसवू, पुढच्या रविवारी बसवू. दिव्याखाली अंधार तो असा.

त्या दिवशी सकाळी आधी बिजागरी उठली. तेव्हा दोघींत बोलणंही नव्हतं. खिडकी उघडी की बंद यावरून आठवडाभर धुसफूस चालली होती. बादली घेतली, दार ओढलं, कडी लावली. खाली अंगणात बादली निम्मी भरली नसेल, तोच जमीन हलली.

उशीला बाहेर काढलं ते शेजारच्या खोलीकडून भिंत फोडून. दार, कडी, बोळ, सगळं मातीत गेलं. उशी पहिल्यांदा बोलली ती एवढंच, "चौकट सरकली असणार. किती ओढलं, दार हललंच नाही." भोवतालच्यांनी माना डोलावल्या. बिजागरीनेही डोलावली. एवढीशी मान, एवढीशी हलली. त्या एका होकाराला आज चाळीस दिवस झाले. उशीचा उजवा हात महिनाभर गळ्यात होता, तेव्हा तिचे केस हिने विंचरले. घास भरवले. जुनं भांडण आठवून दोघी हसल्या. मैत्री वेलासारखी चढत गेली, मांडव भरला; आणि मुळाशी काय पुरलंय ते एकटीला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. तो रोजच सुटायचा, पण आज दरडीवरची सगळी धूळ उचलून आणत होता. धाकटी, म्हणजे बाराजणांत वयाने लहान, कालपासून तापली होती. आता तिला खोकला थांबेना. उघड्या दारातून धूळ थेट तिच्या अंगावर.

"दार लावायला हवं," बाई म्हणाल्या. कोणाकडे न बघता म्हणाल्या, पण सगळ्यांनी उशीकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी दाराला आतून डांबराचं पिंप लावून पाहिलं होतं. दार राहिलं, पण उशीचा श्वास राहीना. पिंप बाजूला सारेपर्यंत तिची नखं त्याच्या पत्र्यावर वाजत होती. ते कोणी विसरलं नव्हतं.

"मी बाहेर बसते. तुम्ही लावून घ्या," उशी म्हणाली.

"काल बाहेर बसून ओठ निळे करून घेतलेस. आता तूही तापलीस तर मी दोघींना कुठे नेऊ?" बाईंचा आवाज थकलेला होता. "बाळा, थोडं सोस."

"बाई, पिंप नको," भोंगा म्हणाला. त्याच्या परीने हळू. "बाहेरून कडी आहे की. एकाने बाहेर थांबायचं, कडी लावायची, हिने हाक मारली की काढायची. दार उघडायला माणूस आहे म्हटल्यावर भीती कसली?"

साधी, शहाणपणाची गोष्ट. पण बिजागरीने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी थांबते बाहेर," ती म्हणाली. मग उशीला म्हणाली, "जरा ये. आधी बोलायचंय."

खोलीच्या मागे वाऱ्याचा आडोसा होता. तिथे खडीचा ढीग. बिजागरी त्यावर बसली, गुडघे कुरकुरले, आणि सवयीने उशी म्हणाली, "तेल घाल गं."

"उशे, तुझी चौकट सरकली नव्हती."

"कुठली चौकट?"

"आपल्या खोलीची. दार अडकलंच नव्हतं. मी कडी लावून गेले होते. रोजच्यासारखी. बाहेरून."

उशी उभीच होती. वाऱ्याने तिची ओढणी तोंडावर आली, ती तिने बाजूला केली नाही.

"मग काढली का नाहीस?"

"बादली भरत होते. पहिल्याच धक्क्यात जिना गेला. वर यायला वाट नव्हती."

"ते नाही विचारत. नंतर. नंतर सांगितलं का नाहीस?"

"तू चौकट म्हणालीस," बिजागरी म्हणाली. "मी मान हलवली. मग तू माझ्याशी बोलायला लागलीस."



"अकरा तास मी त्या चौकटीला शिव्या घातल्या," उशी म्हणाली. "ज्या सुताराने ती केली त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या." मग हसल्यासारखं तोंड करून म्हणाली, "म्हणजे योग्य घरी पोचल्या म्हणायच्या."

"हो."

"माझे केस विंचरत होतीस."

"हो."

"रोज. आणि रोज तुला माहीत होतं."



उशी वळली आणि रस्त्याने चालू लागली. जाऊन जाणार कुठे? पुढे दरड, मागे दरड. माणसाला रागावून निघून जायलासुद्धा रस्ता लागतो, आणि तो किलोमीटरभरच होता. बिजागरी खडीवर बसून राहिली. उशी पुढच्या दरडीपर्यंत गेलेली दिसली, तिथून परत फिरलेली दिसली, खोलीवरून पुढे मागच्या दरडीकडे गेली, तिथूनही फिरली. पिंजऱ्यात जनावर येरझाऱ्या घालतं तशी. इतके दिवस या रस्त्याने चौदाजणांना कोंडलं होतं. आता वाटलं, दोघींनाच.

चौथ्या फेरीला ती खोलीसमोर थांबली.

"बाई, लावा दार. मी आत बसते. बाहेर हिला बसवा."

"अगं मी बसतो ना," भोंगा म्हणाला. "पोरीला कशाला वाऱ्यात—"

"हीच," उशी म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की भोंग्याचाही भोंगा बंद झाला.

"पण कडी नको," बिजागरी म्हणाली. "मी धरून ठेवते."

तिने पिशवीतून वडिलांचा ओळंबा काढला. भिंत सरळ आहे का ते बघायचं पितळी वजन आणि त्याची लांब दोरी. वजन सोडवून खिशात टाकलं. दाराच्या पत्र्याला कडीखाली एक भोक होतं, कधीकाळच्या कुलपाचं. त्यातून दोरीचं टोक आत सरकवलं. "ते तुझ्या मनगटाला बांध. हे माझ्या. तू ओढलंस की मी दार सोडणार. हाक मारायची गरज नाही."

उशीने टोक घेतलं. हिच्याकडे न बघता म्हणाली, "उशीर झाला तर?"

"होणार नाही."

दार मिटलं. बिजागरीने दाराची कडी दोन्ही हातांनी धरली, पाय चौकटीला लावले आणि सगळं अंग मागे टाकलं. वारा दार आत लोटत होता, ती बाहेर ओढत होती. तीनपर्यंत मोजायला पुरेल एवढाही वेळ गेला नसेल. मनगटाला हिसका बसला. तिने हात सोडले. दार धाडकन उघडलं. उशी समोर उभी, छाती वरखाली. तिने फक्त बिजागरीचा चेहरा पाहिला आणि आपल्या हाताने दार लोटून घेतलं.

पुन्हा हिसका. पुन्हा दार. पुन्हा तीच नजर.

आठ-दहा वेळा असं झालं. आतून भोंगा म्हणालेला ऐकू आला, "हे बघ, आम्हाला एकतर धूळ दे नाहीतर दार दे. दोन्ही हप्त्या-हप्त्याने नको." कोणीतरी त्याला गप्प केलं. ड्रायव्हरकाका बाहेर येऊन शेजारी बसले, आपलं कांबळं हिच्या खांद्यावर टाकलं.

"मी धरू का पोरी थोडा वेळ? हात बघ कसे लाल झालेत."

"नको काका. तिला कळेल."

"दाराआडून कसं कळेल?"

"कळेल."

काकांनी वाद घातला नाही. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस; कोणाला कुठे उतरायचंय ते त्यांना तोंडावरून कळायचं.

हिसक्यांमधलं अंतर वाढत गेलं. आधी पन्नासपर्यंत मोजून व्हायचं, मग शंभर, मग दोनशे. मधूनमधून दोरीला नुसताच ताण यायचा. दार उघड असा नव्हे, आहेस का असा. बिजागरी आपलं मनगट तेवढंच हलवायची. आहे.

मग काहीच नाही.

तिने पाचशे मोजले. हजार मोजले. तळहात सोलवटले होते, खांद्यात कळ निघत होती, पण ते काही नव्हतं. आत काय झालं? घेरी आली? श्वास कोंडला? दार सोडून बघावं तर धूळ आत जाणार, आणि तिने ओढलं नसताना दार उघडणं हेही एक प्रकारे वचन मोडणंच. त्या सकाळी ती अंगणात उभी होती, बादली हातात, वरचं काही दिसत नव्हतं. आजही दाराबाहेर ती, आत उशी, आणि मध्ये तेवढंच अंतर. फक्त मनगटाला एक दोरी.

भोकाशी कोणाचं तरी तोंड आलं. आयुष्यात पहिल्यांदा भोंगा खरोखर कुजबुजला, "झोपलीय."

"काय?"

"उशी झोपलीय. घोरतेय. तोंड उघडं आहे. हलू नकोस."

बिजागरी हलली नाही. रडूही आलं ते न हलताच आलं.

वारा ओसरला तेव्हा ऊन उतरलं होतं. लांबची घर्रर्र जवळ आली, फार जवळ, आणि वळणावरून मशीनचा पिवळा पंजा मातीसकट पुढे आला. मागे चार-पाच मजूर, डोक्यापासून पायांपर्यंत धुळीने एकाच रंगाचे. मशीनवाल्याने यांना पाहून मोठ्या कौतुकाने भोंगा वाजवायला हात उचलला.

दारापुढे बसलेल्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं.

हात तसाच थांबला. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, बूट न वाजवता जवळ आला. "काय झालं? आजारी आहे का कोणी?"

"एकीला ताप आहे. पण थोडं थांबा."

"अगं, रस्ता मोकळा झाला. तीन दिवस अडकलात, आता आणखी कशाला थांबायचं?"

"आत एकजण झोपलीय," बिजागरी म्हणाली. "चाळीस दिवसांनी."

मशीनवाल्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली.

"तुझी कोण ती?"

मैत्रीण म्हणायला तिचे ओठ हलले. पण तो शब्द आता हिने आपणहून घ्यायचा नव्हता. द्यायचा की नाही ते दाराच्या आत होतं, जागं झाल्यावर कळणार होतं. कदाचित कळणारही नव्हतं. पुढच्या गावी वेगळी खोली मागून घेईल, बसमध्ये दुसऱ्या टोकाला बसेल.

"रूममेट," ती म्हणाली.

तेवढ्यात मनगटाला बारीक ताण आला. बिजागरीने क्षणात दार सोडलं. ते हातभर उघडलं, आणि कोणी आलं नाही. आत धाकटीशेजारी उशी कुशीवर वळली होती, झोपेतच, म्हणून दोरी ओढली गेली. दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत. दोरी मनगटाला घट्ट, वरून मुठीतही धरलेली.

आता वारा नव्हता, धूळ नव्हती, दार ओढून धरायचं काहीच कारण उरलं नव्हतं. मजूर दरडीच्या मातीवर बसून पाणी पीत होते. बिजागरीने बसल्या जागी मांडी घातली, गुडघे कुरकुरले तशी दचकली, आत पाहिलं. उशी हलली नव्हती. मग तिने सोलवटलेला हात मांडीवर ठेवला, दोरी सैल पडणार नाही आणि ताणलीही जाणार नाही, एवढ्या अंतरावर.